बंद विजेची गुणगुण

कुसाकारी कुणाच्याही घरी गेला की आधी बोलत नसे. चपला दारात काढायचा, बोचकं खाली ठेवायचा, दोन स्पीकरांच्या मधोमध गुडघे दुमडून बसायचा आणि डोळे मिटायचा. दहा मिनिटं, कधी पंधरा. घरातली माणसं चहा घेऊन दारात ताटकळत उभी. मला त्याच्या या बसण्याचा पूर्वी फार राग यायचा. "अरे, देवळात आलायस का?" असं मी एकदा विचारलंही होतं. तो डोळे न उघडता म्हणाला, "तू कॉफी दळणं थांबव आधी."

आम्ही दोघं जपानच्या साकाता बंदरातलेच, एका शाळेतले. तो माझ्याहून एक वर्ष पुढे, म्हणून आता तो एकाहत्तर आणि मी सत्तर. स्टेशनसमोरच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात त्याने पंचवीस वर्षं काढली. मग लोक वस्तू दुरुस्त करायच्या ऐवजी फेकून द्यायला लागले, दुकान मिटलं, आणि त्याने एक छोटं कार्ड छापून घेतलं. त्यावर नाव, फोन नंबर आणि खाली एकच ओळ: 'संगीतात आवाज येत असेल तर'. मी म्हटलं, संगीतात आवाजच असतो ना रे. तो म्हणाला, ज्याला कळायचं त्याला कळतं.

आणि कळायचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना रेकॉर्ड ऐकायचं वेड आहे. बाहेर समुद्रावरून धुकं आत येतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, मग माणसानं करायचं काय? दुपारी चारला पडदे ओढून पियानो ऐकायचा. अशा वेळी सुरांच्या खाली एक बारीकशी गुणगुण असली की जीव नकोसा होतो. कुसाकारी तिचा माग काढायचा. त्याची रीत साधी होती. सगळं जोडलेलं आहे त्यातलं अर्धं काढा. आवाज गेला तर चोर काढलेल्या अर्ध्यात आहे, राहिला तर उरलेल्यात. मग त्याचं अर्धं. प्लग उलटा करून लावा, कारण आमचे दोन पायांचे प्लग कसेही बसतात आणि एका बाजूने लावले की जास्त गुणगुणतात. मंद-तेज करायचे दिवे विझवा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली तर ती धूळ. सतत सस्स असं येत असेल तर तो यंत्राचा स्वभाव, त्याला बोल लावू नका.

पोस्टातून निवृत्त झालेल्या इगाराशीकडे हिवाळ्यात दर काही मिनिटांनी स्पीकरात 'टक' व्हायचं. कुसाकारी तिथे तीन दुपारी बसला. शेवटी कळलं की पाय शेकायच्या गरम टेबलाखालचं बटण आपोआप चालू-बंद होतंय. इगाराशी म्हणाला, "संगीत सोडतो, पण टेबल सोडणार नाही." मग कुसाकारीने टेबलाची वायर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या लाइनवर नेऊन दिली. इगाराशीच्या बायकोने त्याला त्या दिवशी कॉड माशाचं सूप दोनदा वाढलं.

माझं कॉफीचं दुकान बंदराच्या मागच्या गल्लीत आहे. सहा टेबलं, भिंतभर रेकॉर्ड आणि माझ्या नवऱ्याने मागे ठेवलेले दोन कपाटाएवढे स्पीकर. नवरा गेल्यावर ते विकायचं माझ्या मनात होतं. कुसाकारीने येऊन अख्खा दिवस घालवला, सगळ्या वायरी बदलल्या, आणि संध्याकाळी एक रेकॉर्ड लावली. मी काउंटरच्या मागे उभी होते. वाजायच्या आधी जी शांतता आली ना, तशी मी कधी ऐकली नव्हती. बर्फ पडून गेल्यावर सकाळी खिडकी उघडावी आणि गल्लीच दिसू नये, तसं झालं. मला रडू आलं. तो म्हणाला, "अजून सुरू कुठे झालंय?" स्पीकर राहिले, दुकानही राहिलं. त्या कानांचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत, आणि हाच तर सगळा घोळ आहे.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी, रस्त्याकडेचं बर्फ काळं पडून वितळत होतं तेव्हा, तो दुकानात आला, बसला, आणि डावीकडे मान कलती करून म्हणाला, "तोमोए, इथे गुणगुण येतेय. खाली. अगदी खाली."

मी ऐकलं. काही नव्हतं. फ्रीज दूर मागे होता, रस्ता ओला आणि मुका.

"येतेय ना?" तो म्हणाला.

मी मान डोलावली.

का डोलावली? हे मी स्वतःला त्यानंतर हजारदा विचारलंय. ज्याच्या कानाने माझं दुकान वाचवलं त्याला मी, साखर-दूध मोजणारी बाई, सांगू की तुझं चुकतंय? शिवाय मला वाटलं, असेलही. त्याला ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, म्हणून तर त्याला बोलावतात. त्याने दोन तास खटपट केली, एक नवी अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला नेऊन जोडली, आणि म्हणाला, आता बरं आहे. मी म्हटलं, आता एकदम शांत झालं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासूनच माझ्या दुकानात गुणगुण सुरू झाली. खरीखुरी. पियानोच्या खाली कोणी तोंड मिटून सूर धरल्यासारखी. मला वाटलं, हे असंच असेल, आपल्याला काय कळतं. मी मूग गिळून बसले.

मग ते पसरलं. इगाराशीकडे गुणगुण निघाली, इगाराशी म्हणाला, हो हो, आहे खरी. दर गुरुवारी माझ्याकडे जमणाऱ्या चार म्हाताऱ्यांपैकी कोणीही नाही म्हणालं नाही. उलट एकेकजण वर्णन करायला लागला. एक म्हणाला, मधमाशीसारखी आहे. दुसरा म्हणाला, छे, लांब जाणाऱ्या बोटीसारखी. ऐकता ऐकता मलाही कधी कधी भास व्हायचा. धुक्याच्या दुपारी इगाराशीकडे आम्ही पाचजण डोळे मिटून बसायचो, नसलेला आवाज ऐकत, आणि खरं सांगते, त्या दुपारी सुंदर असायच्या. इतकी एकमताने बसलेली माणसं मी कुठल्या देवळातही पाहिली नाहीत.

एकच बाई खरं बोलली, ती त्याची बायको हिसाए. "मला तर काही ऐकू येत नाही," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. कुसाकारीने मला सांगितलं, "तिला रेडिओ आणि कढई यातला फरक कळत नाही." मी हसले. त्या हसण्याचीही मला आज लाज वाटते.

तोगाशीचं प्रकरण सगळ्यात मोठं. तोगाशीच्या घराण्याचा सोया सॉसचा धंदा होता. तो मिटल्यावर त्याने मातीच्या जाड भिंतींचं जुनं कोठार संगीतासाठी राखलं. आत गेलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. सॉसचा वास अजून भिंतीत आहे. तिथेही कुसाकारीला गुणगुण आली. त्याने अर्ध्याचं अर्धं करत सगळं काढून पाहिलं, अगदी कोठारातला दिवासुद्धा. शेवटी तीन महिन्यांनी तो म्हणाला, "तोगाशीसान, चोर घरात नाही. बाहेरच्या लाइनमधून येतोय. शेजाऱ्यांनी नवी हीटरची यंत्रं बसवलीत. तुम्हाला स्वतःचा खांब लागेल."

स्वतःचा खांब म्हणजे अंगणात आपला एकट्याचा विजेचा खांब, त्यावर आपला एकट्याचा ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्या कुणाच्या घरची वीज त्यात मिसळत नाही. हौशी माणसं उभारतात असे खांब, मोटारीच्या किमतीत. तोगाशी हौशी आहे, पण तेवढा नाही. तरी तो म्हणाला, "कुसाकारीसान, तुमच्या कानाला पटतंय तर प्रश्नच नाही." अंगणात जागा एकच होती, आणि तिथे त्याच्या वडिलांनी लावलेलं पर्सिमॉनचं झाड होतं. यंदा सप्टेंबरात ते कापलं. फळं अजून हिरवी होती. तोगाशीची बायको आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही.

ऑक्टोबरच्या अठरा तारखेला खांब जोडायचा होता. सकाळी दहा वाजता आम्ही सगळे कोठारात जमलो, कारण पहिली रेकॉर्ड लागेल तेव्हा हजर राहायचं होतं. तोगाशी, इगाराशी, मी. हिसाएही आली होती, मुळ्याचं लोणचं घेऊन. कुसाकारी जुन्या लाइनवर शेवटचं ऐकून ठेवावं म्हणून स्पीकरांच्या मधे बसला. अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेच्या व्हॉल्व्हचे दिवे केशरी पेटलेले. उंचावरच्या एकाच खिडकीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. त्याने डोळे मिटले.

थोड्या वेळाने बाहेरून खांब जोडणाऱ्यांच्या मुकादमाचा आवाज आला, "बंद करतोय!" जाड भिंतीतून तो घुमत, खर्जात आला. आम्हाला ऐकू आला. मग अख्ख्या घराची वीज गेली. घर थांबतं तेव्हा कसं असतं! लांबचा फ्रीज थांबला, कुठला तरी पंप थांबला, व्हॉल्व्हचे दिवे केशरीचे तांबडे झाले, मग राखेसारखे. मी आयुष्यात एवढी शांतता एकदाच, त्या माझ्या दुकानातल्या संध्याकाळी, ऐकली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

कुसाकारीने डोळे मिटूनच एक बोट वर केलं. "हा बघा चोर," तो हळू म्हणाला. "आज जास्तच आहे."

तोगाशीने माझ्याकडे पाहिलं. मी इगाराशीकडे.

"हो," तोगाशी म्हणाला. "आज जास्तच आहे."

"थंडी पडली की वाढतो," इगाराशी म्हणाला.

आणि मी? मीही म्हणाले, "हो." वीज नाही हे मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी आम्ही हो ला हो करत होतो, कारण दीड वर्ष आम्ही तेच करत आलो होतो.

"काय हो म्हणताय?" हिसाए म्हणाली. "वीज गेलीय."

कुसाकारीने डोळे उघडले. व्हॉल्व्ह काळे होते. त्याने हात पुढे करून अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला. तिथे नेहमी बारीकशी थरथर असते, ती नव्हती. तो उठला, भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग आमच्याकडे वळला.

"कधी गेली?"

हिसाएने लोणचं खाली ठेवलं.

"कधी गेली म्हणतो मी!"

"झाली असतील दहा मिनिटं," तोगाशी म्हणाला.

"आणि तुम्हाला गुणगुण ऐकू येत होती."

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ. सगळं काढून झालं होतं, अर्ध्याचं अर्धं करत करत आता एकच वस्तू उरली होती, आणि ती त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला होती. त्याला हे कळलं ते आम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो गुडघ्यांवर बसला आणि जमिनीला कपाळ टेकलं. "तोगाशीसान, तुमचं झाड," एवढंच म्हणाला. तोगाशी घाईघाईने त्याच्यासमोर बसला आणि त्यानेही कपाळ टेकलं. "नाही नाही, चूक माझी. मी बोलायला हवं होतं." दोन म्हातारे एकमेकांसमोर पालथे, कोणी आधी उठेना. हसावं की रडावं कळत नव्हतं. तेवढ्यात वीज आली, आणि नव्या खांबावरच्या विजेने व्हॉल्व्ह हळूहळू पेटायला लागले.

हिसाएला दवाखान्यात जाववेना, म्हणून कानाच्या डॉक्टरकडे मी गेले त्याच्याबरोबर. डॉक्टर तरुण बाई होती. तिने तपासण्या केल्या, कागदावरची रेघ दाखवली. डाव्या कानात खालचे सूर नाहीत. ते गेले की कित्येकांना तिथेच गुणगुण ऐकू येते, ती म्हणाली. ती बाहेरची खरी गुणगुण झाकून टाकते, मग चांगल्या कानालाही ती कळत नाही.

"केव्हापासून आहे?"

"गेल्या वर्षी मार्चपासून."

तिने तो कागद उलटा ठेवला. "पहिल्या पंधरवड्यात आला असतात, तर बहुतेकांचं परत येतं हो, आजोबा."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. भातशेतं कापून झाली होती, हंस उतरून दाणे टिपत होते. मी म्हटलं, "पहिल्यांदा मान मी डोलावली. पंधरवड्याच्या आत होतं ते."

"ठाऊक आहे."

"मी नाही म्हटलं असतं तर..."

"तर मी दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो, जो हो म्हणेल," तो म्हणाला. "हिसाए म्हणाली की नाही मला? तिचं ऐकलं का मी?" मग बऱ्याच वेळाने, "पण तू म्हणाली असतीस तर... काय माहीत." आणि तो पुन्हा हंसांकडे बघायला लागला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. फोन हिसाए उचलायची, "ते झोपलेत," म्हणायची. दुपारी दोनला, संध्याकाळी पाचला, झोपलेत. कार्डांचा गठ्ठा त्याने कचऱ्यात टाकला असं तिने मला बाजारात सांगितलं. गुरुवारी आम्ही जमायचो, पण कोणी डोळे मिटायचं नाही. तोगाशीने त्याच्याकडे फळांची टोपली पाठवली, ती परत आली. माणूस असा आतल्या आत संपतो, मी पाहिलेलं आहे. मी माझ्या नवऱ्याला तसा पाहिलाय.

डिसेंबरच्या पहिल्या बर्फात मी त्याच्या घरी गेले. घंटी न वाजवता आत शिरले. तो खोलीत बसला होता, समोर काहीच नाही.

"माझ्या दुकानात गुणगुण आहे," मी म्हटलं.

"पुरे झालं, तोमोए."

"खरी आहे. दीड वर्ष आहे. तू ती तार नळाला जोडलीस तेव्हापासून."

आता त्याने वर पाहिलं. "दीड वर्ष? आणि तू बोलली नाहीस?"

"तू म्हणालास बरं आहे. मग मीही म्हटलं बरं आहे. मी मूर्ख बाई आहे, झालं समाधान? पण मला आता ती सहन होत नाही, आणि दुसरा कोणी मला माहीत नाही. चल."

"मला ऐकूच येणार नाही ती."

"मला येते ना! माझे कान वापर. नाहीतर ते कपाटाएवढे धोंडे मी उद्या विकते."

तो आला. बर्फातून हळूहळू, बोचकं मीच घेतलं. दुकानात कोणी नव्हतं. खिडकीबाहेर बर्फ असं पडत होतं की समोरचं मासळीचं दुकान कधी दिसायचं, कधी पुसलं जायचं. तो स्पीकरांच्या मधे बसला नाही. त्याने खुर्ची ओढली, मला म्हणाला, "तू बस तिथे." मी गुडघे दुमडून त्याच्या जागी बसले. सत्तराव्या वर्षी माझे गुडघे बोंब मारत होते.

"आहे?"

"आहे."

त्याने रेकॉर्ड प्लेअर काढला. "आता?" "आहे." प्लग उलटा केला. "जरा कमी." तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकला, तार बोटांनी चाचपत गेला, नळापर्यंत. तिथे थांबला. "दोन ठिकाणी जमिनीला जोडलंय," तो स्वतःशी म्हणाला. "मीच. दोन वाटा मिळाल्या की ती त्यात गोल गोल फिरत बसते. पहिल्या वर्षाला शिकवतात हे." त्याने स्क्रू सैल केला.

ती गेली. अशी गेली की मी श्वास धरला. बर्फाचा आवाज नसतो म्हणतात, पण मला तो आला.

"गेली," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे, बराच वेळ. त्याचा विश्वास बसत नव्हता. का बसावा? आयुष्यात पहिल्यांदा मी या माणसाला त्याच्या कामाबद्दल खरं सांगत होते, आणि त्याला ते पूर्वीच्या खोट्यासारखंच ऐकू येत होतं. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

तो पाठ करून पुन्हा नळाशी वाकला. काही वेळ काय करत होता दिसेना. मग वळून, हात पुसत, अगदी समाधानाने हसून म्हणाला, "झालं एकदाचं. आता एकदम शांत आहे, नाही का?"

हे असं विचारलं की आमच्याकडे माणूस काय म्हणतो ते तुम्हाला आता ठाऊक आहेच. त्याचे डोळे दमलेले होते. इतके दिवस ज्याला कोणी हसताना पाहिलं नव्हतं तो माणूस हसत होता. माझी मान खाली जायला निघालीच होती.

"नाही," मी म्हटलं. "आहे. परत आलीय."

"नीट ऐक. मी पक्की काढलीय."

"काढली असशील, पण आहे! खोटं का बोलू मी? पाय मोडायला आले माझे!"

मग त्याचं ते हसू गेलं, आणि त्या जागी दुसरं काहीतरी आलं, तोंड वाकडं करणारं. त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली. नळाशी जाऊन मघाशी गुपचूप आवळलेला स्क्रू पुन्हा सैल केला, तार पाइपावरून पूर्ण सोडवली, गुंडाळली आणि काउंटरवर ठेवली.

"गेली," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. या वेळी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. बोचक्यातून वही काढली आणि पानं उलटत म्हणाला, "उद्या दुपारी मोकळी आहेस का? इगाराशीकडे जाऊ."

"का? त्याने काही तक्रार केलीय का?"

"छे. तो म्हणतो, एकदम शांत आहे," कुसाकारी म्हणाला. "म्हणजे गुणगुण असणार."